‘इन्सिपिडस’ला इन्सुलिन समजले; आता काय करू?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातली. बारावी कला शाखेतून, मराठी माध्यमातून झाले आणि आता जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा महिन्यावर आली आहे. ‘डायबेटिस मेलिटस’ म्हणजे गोळ्यांवर भागणारी शुगर आणि ‘डायबेटिस इन्सिपिडस’ म्हणजे इन्सुलिन लागणारी शुगर, असे मी आजवर धरून चालले होते, कारण ‘इन्सिपिडस’ आणि ‘इन्सुलिन’ या दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी आहे. मागच्या आठवड्यात अभ्यास करताना शब्दकोशात ‘इन्सिपिड’ शब्द सापडला, तर अर्थ दिला होता ‘बेचव, नीरस, पानचट’. आधी हसू आले. मग पुस्तकातले प्रकरण नीट वाचले, तर इन्सिपिडस हा शुगरचा आजारच नाही असे कळले आणि हातपाय गार पडले. न्यूरोसर्जरी वॉर्डात पोस्टिंग असताना पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचे ऑपरेशन होऊन ‘इन्सिपिडस’ झालेल्या एका मुलाच्या आईला मी साखरेचा चहा बंद करायला आणि पाणी बेताने द्यायला सांगितले होते. ड्युटीवरच्या सिस्टरांनी ते ऐकून मला बाजूला घेतले आणि ‘पिऊ दे त्याला पाणी’ एवढेच म्हणाल्या. का, ते विचारायचे धाडस मला झाले नाही. होस्टेलवरच्या दोन मैत्रिणींनाही मी हाच फरक समजावून दिला आहे. असे आणखी किती शब्द मी चुकीचे धरून बसले असेन? सगळ्या शब्दांच्या लॅटिन-ग्रीक मुळांची वही करायला घेऊ का? आणि पोस्टिंगमधली गोष्ट आता कोणाला सांगावी का?

– एक विद्यार्थिनी

उत्तर :

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे प्रश्न अभ्यासाचे आहेत आणि हा रुग्णाचा आहे. होय, सांगावे. त्या मुलाला पाणी मिळत राहिले, कारण सिस्टरांनी वेळीच लक्ष घातले; त्यामुळे आज कोणाच्या जिवाला धोका आहे असे नाही आणि तुझ्यावर आभाळ कोसळेल असेही नाही. मात्र विद्यार्थिनीने नातेवाइकांना दिलेली चुकीची सूचना दुसऱ्या कोणाच्या लक्षात आली म्हणून टळली, ही बाब तुमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरांना माहीत असणे आवश्यक आहे. पुढच्या तुकडीला त्या वॉर्डात पाठवण्यापूर्वी हे दोन आजार समजावून द्यायला हवेत, हे त्यांना तुझ्या सांगण्यावरूनच कळेल. वेळ मागून घे, कोणाकडे बोट न दाखवता काय सांगितले, कोणाला सांगितले आणि का सांगितले ते चार वाक्यांत सांग. रडून किंवा दहा वेळा माफी मागून सांगितलेल्या गोष्टीत ऐकणाऱ्याचे लक्ष मूळ मुद्द्याऐवजी तुझी समजूत काढण्याकडे जाते. बोलणी बसली तर ती ऐकून घ्यावीत. आणि त्या सिस्टर पुन्हा भेटल्या तर ‘तेव्हा तुम्ही मला का थांबवले ते आता कळले’ एवढे त्यांना जरूर सांग. वॉर्डातल्या माणसांना असे कोणी सांगायला येत नाही.

आता मूळ गोंधळाकडे येऊ. ‘इन्सुलिन’ आणि ‘इन्सिपिडस’ यांच्यातले साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. इन्सुलिन हा शब्द बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, कारण स्वादुपिंडातल्या ज्या पेशीसमूहांत ते तयार होते त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. इन्सिपिडसमधला ‘इन्’ मात्र नकारार्थी आहे आणि पुढचा भाग चवीचा. म्हणजे ज्याला चव नाही ते. तू शब्दकोशात पाहिलेला ‘पानचट’ हा प्रतिशब्द मला तर मुळाहूनही सरस वाटतो, कारण त्यात बेचवपणाबरोबर पाणीही आले, आणि या आजारात लघवी नेमकी तशीच असते.

पण चव आली कुठून, हा प्रश्न तुला पडला असेल, आणि पडला नसेल तर पडायला हवा. प्रयोगशाळा नव्हत्या त्या काळी वैद्य लघवीचा रंग, वास आणि चवसुद्धा पाहत. ‘डायबेटिस’ हा शब्द ग्रीक आहे. कॅपाडोशियाच्या अरेटियसने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात या आजाराचे जे वर्णन केले, त्यात रुग्ण जे पितो ते अंगात न थांबता नळीतून वाहून जावे तसे निघून जाते असा भाव आहे. म्हणजे मूळ शब्दात साखरेचा मागमूसही नव्हता. भरमसाट लघवी होणे एवढाच त्याचा अर्थ. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिसने अशा रुग्णांची लघवी मधासारखी गोड लागते असे नोंदवले, आणि १७७६ मध्ये मॅथ्यू डॉबसनने ती आटवून खाली उरणारा पदार्थ साखरच असल्याचे दाखवले. गोड लघवीच्या डायबेटिसला मधावरून ‘मेलिटस’ हे विशेषण लागले आणि लघवी भरपूर असूनही ज्यांच्या लघवीला गोडी नव्हती, त्यांच्या आजाराला ‘इन्सिपिडस’. आपल्याकडे चरकसंहितेतही प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, वीस प्रकार मोजताना मधुमेह आणि उदकमेह वेगळे सांगितले आहेत आणि प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धावतात असे निरीक्षण आहे. उदकमेह म्हणजेच आजचे इन्सिपिडस, असे समीकरण मात्र मांडू नकोस. प्राचीन वर्गीकरणाचे निकष वेगळे होते, आणि परीक्षेच्या उत्तरात तर ते अजिबात घालू नकोस.

एवढे कळल्यावर तुझी चूक नेमकी कुठे झाली ते दिसेल. सगळ्यांना जो परिचयाचा, तो मेलिटस, आणि त्याच्यामुळे ‘डायबेटिस’ म्हणजे शुगर हे समीकरण घराघरांत इतके पक्के झाले आहे की ‘डायबेटिस’ शब्द कानावर पडला की हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जातो. तू ‘इन्सिपिडस’चा अर्थ चुकीचा धरलास हे खरे, पण त्याआधी ‘डायबेटिस’चा अर्थच अर्धा धरलेला होता, आणि तो तुझ्या एकटीने नव्हे.

याचा पुरावा असा की हे नाव आता वैद्यकाने स्वतःहून बदलायला घेतले आहे. २०२२ मध्ये अंतःस्रावशास्त्राच्या अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त कार्यगटाने ‘डायबेटिस इन्सिपिडस’ हे नाव सोडून मेंदूशी संबंधित प्रकाराला ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’ (म्हणजे त्या नावाच्या हॉर्मोनची कमतरता) आणि मूत्रपिंडाशी संबंधित प्रकाराला ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स’ (म्हणजे त्या हॉर्मोनला दाद न देणे) म्हणावे, असा प्रस्ताव मांडला. या रुग्णांना मधुमेही समजून त्यांचे जीवनावश्यक औषध रोखले जाते, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. लंडनमधल्या एका रुग्णालयात २००९ मध्ये २२ वर्षांचा एक तरुण खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला. त्याला हा आजार होता आणि त्यासाठीचे औषध वेळेवर मिळणे अत्यावश्यक होते. ते मिळाले नाही, पाणीही पुरेसे मिळाले नाही. त्याने पाण्यासाठी वॉर्डातून पोलिसांना फोनसुद्धा केला, आणि शरीरातले पाणी संपून तो गेला. २०१२ मध्ये झालेल्या मृत्यूच्या चौकशीत हलगर्जीचा ठपका ठेवला गेला. ही हकिगत तुला घाबरवण्यासाठी सांगत नाही. या आजारात ‘पाणी बेताने द्या’ या तीन शब्दांचे वजन किती असते, हे नर्सला एकदा कळले की ती ते पुन्हा विसरत नाही. तुझ्या पाठ्यपुस्तकात आणि केस पेपरवर जुने नाव अजून बराच काळ दिसेल, म्हणून दोन्ही नावे माहीत ठेव.

आता मुळांच्या वहीविषयी. स्पष्टच सांगते, परीक्षा महिन्यावर असताना ती करायला घेऊ नकोस. आणि परीक्षा झाल्यावर केलीस तरी तिच्यावर विसंबू नकोस. शब्दाचे मूळ हे तो शब्द बनवणाऱ्याला त्या काळी काय वाटत होते ते सांगते. आजार कसा होतो ते सांगतेच असे नाही. ‘मलेरिया’चे मूळ पाहिले तर अर्थ निघतो दूषित हवा, आणि त्या अर्थावर विसंबणारी नर्स मच्छरदाणी सोडून खिडक्या लावत बसेल. ‘आर्टरी’ शब्द पडला तेव्हा रोहिणीतून हवा वाहते अशी समजूत होती. ‘हिमोफिलिया’चा शब्दशः अर्थ रक्ताची आवड असा होतो, त्या मुलाला जखम झाल्यावर हा अर्थ काय कामाचा? खुद्द तुझ्या शब्दाचे घे. ‘पानचट’ हा अर्थ कळल्यामुळे तू जागी झालीस, हे चांगले झाले. पण लघवी पानचट का होते, हे त्या अर्थातून कळत नाही. ते मूत्रपिंडात डोकावल्याशिवाय कळायचे नाही, म्हणून जरा तिकडे जाऊ.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे परत शोषून घेऊन दीड-दोन लिटर लघवी बाहेर सोडतात. यातले बरेचसे पाणी वाटेतच परत घेतले जाते. शेवटचा हिस्सा परत घ्यायचा की सोडून द्यायचा, हे कलेक्टिंग डक्ट या मूत्रपिंडातल्या शेवटच्या नळ्यांमध्ये ठरते आणि तिथे हुकूम चालतो व्हॅसोप्रेसिनचा, ज्याला तुमच्या पुस्तकात अँटिडाययुरेटिक हॉर्मोन किंवा एडीएच म्हटले आहे. हे हॉर्मोन मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात तयार होते आणि पिट्युटरीच्या मागच्या भागात साठून तिथून रक्तात सोडले जाते. तुझ्या त्या रुग्णाला पिट्युटरीचे ऑपरेशन झाल्यावर त्रास का सुरू झाला, याचे उत्तर इथे आहे. हॉर्मोन पुरेसे सुटलेच नाही, तर कलेक्टिंग डक्टला पाणी परत घ्यायचा आदेश मिळत नाही आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. दुसऱ्या प्रकारात हॉर्मोन असते, पण मूत्रपिंड ते जुमानत नाही; मानसिक आजारासाठी वर्षानुवर्षे लिथियम घेणाऱ्यांत हा प्रकार दिसतो, रक्तातले कॅल्शियम फार वाढले तरी दिसतो, आणि काही कुटुंबांत तो जन्मजात असतो.

मेलिटसमध्ये याच्या अगदी उलट वाटेने तीच लक्षणे उद्भवतात. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते आणि जाताना स्वतःबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून तहान आणि लघवी दोन्हींकडे असते, पण लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत तिची घनता, पाहिले की बिंग फुटते. साखर विरघळलेली असल्याने मेलिटसमध्ये ते चढे राहते, आणि इन्सिपिडसमध्ये १.००५ च्याही खाली येते, म्हणजे जवळजवळ पाण्याइतके. पुढच्या पोस्टिंगला अशा रुग्णाची युरोबॅग, म्हणजे लघवी साठणारी पिशवी, उजेडात धरून पाहा. नळाचे पाणी भरून ठेवल्यासारखी ती दिसते, रिकामी केली तरी तासाभरात पुन्हा जड होते, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर साधे नव्हे, थंडगार पाणी मागतो. रात्रपाळीला नातेवाईक बाटल्या भरून आणताना थकून जातात आणि ‘सिस्टर, हा एवढं पाणी पितो म्हणूनच तर सारखी लघवी होतेय ना?’ असे विचारतात. हा प्रश्न तुला शंभर जण विचारतील. उत्तर असे द्यायचे की लघवीतून पाणी जाते म्हणून तो पितो. पाणी अडवले तर लघवी थांबणार नाही, तो मात्र सुकेल. लघवी थांबवायचे काम डेस्मोप्रेसिन या व्हॅसोप्रेसिनसारख्या औषधाचे, आणि मूत्रपिंडाच्या प्रकारात कमी मिठाचा आहार व थायाझाइड गटाच्या औषधाचे.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवते, कारण तुझ्यासारखी धास्तावलेली मुलगी आता उलट टोकाला जाऊन प्रत्येकाला पाणी पाजत सुटेल. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर काही रुग्णांत आधी भरमसाट लघवी होते, मग काही दिवसांनी दुखावलेल्या पेशींतले साठलेले हॉर्मोन एकदम सुटून लघवी घटते आणि रक्तातले सोडियम खाली येते, आणि त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी लघवी सुरू होऊ शकते. मधल्या काळात पाणी ढकलत राहिले, किंवा डेस्मोप्रेसिन डोळे झाकून चालू ठेवले, तर रुग्णाला झटके येऊ शकतात. म्हणून या रुग्णाचे पाणी नर्सच्या मनावर किंवा आईच्या मायेवर नव्हे, तर दर तासाच्या लघवीच्या मापावर, रोजच्या वजनावर आणि १३५ ते १४५ या सोडियमच्या मर्यादेकडे पाहून दिलेल्या लेखी आदेशावर चालते. सलग दोन तास तासाला किती लघवी झाली की डॉक्टरांना कळवायचे, हा आकडा बहुतेक युनिटमध्ये ठरलेला असतो. ड्युटी सुरू करतानाच तो विचारून घ्यावा. निदानासाठी पाणी मुद्दाम बंद करण्याचा प्रसंग म्हणजे वॉटर डिप्रिव्हेशन टेस्ट, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दर तासाला वजन घेत, ३ ते ५ टक्के वजन उतरताच थांबवायची असते. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या रुग्णाची काळजी सर्वांत जास्त, कारण त्याला तहान जाणवत नाही, किंवा जाणवली तरी पाणी मागता येत नाही.

हे सगळे समजून घेतल्यावर ‘इन्सिपिडस’ आणि ‘इन्सुलिन’ तुला पुन्हा सारखे वाटतील का? मला नाही वाटत. शब्द पाठ करताना तू अक्षरांच्या साम्याची खुंटी धरलीस, आणि परीक्षेच्या घाईत सगळेच विद्यार्थी ती धरतात. त्याऐवजी शब्द रुग्णाच्या खाटेशी बांधावा. नवा शब्द आला की हा शब्द चार्टवर लिहिलेला दिसला तर मी खाटेजवळ जाऊन आधी काय पाहीन आणि काय कदापि करणार नाही, एवढे मराठीत एका ओळीत लिही. ज्या शब्दापुढे ही ओळ लिहिता येत नाही, तो तुला येत नाही असे समज, मग त्याची व्याख्या कितीही घोटून पाठ असली तरी. ‘आणखी किती शब्द चुकीचे’ या तुझ्या धास्तीवर हीच चाळणी आहे, आणि ती लावायला शब्दकोश लागत नाही.

सगळ्या शब्दांना ती लावायला महिना पुरणार नाही, म्हणून जोड्यांपासून सुरुवात कर. कानाला आणि विशेषतः देवनागरीत लिहिल्यावर डोळ्यांना जे सारखे वाटतात, ते आधी. ‘डिसफेजिया’ आणि ‘डिसफेशिया’ हे घे. मराठीत टिपणे काढणाऱ्या मुलींच्या वह्यांत यांची सर्रास अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. पहिल्यात गिळता येत नाही, दुसऱ्यात बोलण्याची भाषा बिघडते. अर्धांगवायूच्या रुग्णाला दुसरेच असेल असे समजून पेज भरवली आणि प्रत्यक्षात पहिले असेल, तर ती पेज फुप्फुसात जाते. ‘युरेटर’ आणि ‘युरेथ्रा’, ‘इलियम’ नावाचे आतडे आणि ‘इलियम’ नावाचेच हाड, ‘हायपो’ (कमी) आणि ‘हायपर’ (जास्त) लागणारे सारे शब्द हेही याच यादीतले. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे हायपो-हायपर तर दोघींनी समोरासमोर बसून एकमेकींना विचारावेत, एकटीने वाचून ते डोक्यात राहत नाहीत.

आणि इथेच तुझ्या मैत्रिणींचा विषय येतो. त्यांना आज रात्रीच सांग. तू कमी पडलीस असे त्यांना वाटेल या भीतीने गप्प राहिलीस तर महिन्याभराने त्या दोघी तोच फरक उत्तरपत्रिकेत लिहितील आणि वर्षभराने वॉर्डात वापरतील. ‘मी सांगितले ते चुकीचे होते’ म्हणून थांबू नकोस. पुस्तक उघडून तिघींनी मिळून दोन्ही आजारांचा फरक लिहून काढा. साखर, विशिष्ट गुरुत्व, सोडियम, हॉर्मोन, औषध आणि नर्सने काय करायचे, एवढे त्यात आले की हा प्रश्न पाच गुणांना येवो की पंधरा, तुमची तयारी झाली. उत्तर लिहिताना पहिल्याच वाक्यात या आजाराचा रक्तातल्या साखरेशी संबंध नाही असे स्पष्ट लिहा, कारण तपासणाऱ्याला विद्यार्थिनीचा हा गोंधळ मिटला आहे की नाही, हेच आधी पाहायचे असते. पुढे इनटेक-आउटपुट चार्ट, रोजचे वजन आणि विशिष्ट गुरुत्व यांची नोंद, रुग्णाच्या हाताशी पाणी ठेवणे, तोंडाची आणि त्वचेची काळजी, आणि डेस्मोप्रेसिन सुरू असताना सोडियम उतरल्याची चिन्हे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गुंगी यांवर लक्ष, हे क्रमाने येऊ दे. घरी जाताना रुग्णाला काय सांगाल हा उपप्रश्न हमखास असतो. त्यात आजाराचे नाव आणि औषध लिहिलेले कार्ड कायम खिशात बाळगावे आणि कोणत्याही दवाखान्यात दाखल होताना ‘मला शुगर नाही’ हे आवर्जून सांगावे, या दोन गोष्टी विसरू नकोस.